सहल समित्यांनो, यंदा हेझबराला या
ब्रिटनमधल्या मराठी मंडळांच्या सहल समित्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सहलीच्या बैठका आता सुरू झाल्या असतील. स्टोनहेंज की कॉट्सवोल्ड्स, विंडसर की बाथ, कोच किती सीटांची, डबे घरून न्यायचे की वाटेत पिझ्झा घ्यायचा, हे सगळे नेहमीप्रमाणे गाजत असेल. त्या यादीत मी आणखी एक नाव घालतो. नॉरफॉकच्या ईशान्य किनाऱ्यावर हॅपिसबर्ग नावाचे छोटे गाव आहे. पाटीवर असे लिहिलेले असले तरी गावातले लोक त्याला हेझबरा म्हणतात. मीही पुढे तसेच लिहितो.

सहल हे निमित्त आहे, हे आधीच सांगून टाकतो. खरी विनंती पत्राच्या शेवटाकडे आहे आणि ती थोडी राजकारणाची आहे. पण गाव बघितल्याशिवाय ती गळी उतरणार नाही, म्हणून आधी गावाबद्दल.

लंडनहून कोचने तीन-साडेतीन तास धरा. ट्रेनने यायचे असेल तर नॉरिचला गाडी बदलून नॉर्थ वॉल्शमला उतरायचे. पुढे रेल्वे नाही, गहू-बीटाच्या शेतांमधून जाणारे अरुंद रस्ते. सपाट प्रदेश आहे, त्यामुळे गाव येण्याआधी बराच वेळ दोन उभ्या खुणा दिसत राहतात. एक सेंट मेरी चर्चचा एकशे दहा फुटी चौकोनी मनोरा आणि दुसरे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे दीपगृह. या दोन्ही खुणा दर्यावर्दींसाठीच होत्या. समोरच्या समुद्रात पाण्याखाली काही मैल लांबीचा वाळूचा दांडा पसरलेला आहे आणि त्याने शतकानुशतके जहाजे खाल्ली आहेत.

१७८९ च्या हिवाळ्यात वादळात या किनाऱ्यावर सत्तर जहाजे आणि सहाशे माणसे गेली. त्यानंतर चौकशी होऊन १७९० मध्ये इथे एक सोडून दोन दीपगृहे बांधली गेली, एक उंच आणि एक बुटके. खलाशाने दोन्ही दिवे एका रेषेत आणले की वाळूच्या दांड्याच्या दक्षिण टोकाला वळसा घालून सुखरूप निघता येई. बुटके दीपगृह १८८३ मध्ये बंद केले, कारण कडा त्याच्या अंगाशी येत चालला होता. उंच दीपगृह अजून उभे आहे, अजून चालू आहे, आणि पूर्व इंग्लंडमधले सर्वांत जुने चालते दीपगृह म्हणून ते ओळखले जाते.

ते चालू कसे राहिले, ही गोष्ट तुम्हाला आवडेल. इंग्लंड-वेल्समधली दीपगृहे सांभाळणाऱ्या ट्रिनिटी हाऊसने १९८७ मध्ये जाहीर केले की याची आता गरज नाही, पुढच्या वर्षी दिवा बंद. गावाने ते ऐकले नाही. सह्या गोळा केल्या, पैसे उभे केले, थेट पार्लमेंटपर्यंत गेले, आणि १९९० मध्ये फक्त या एका दीपगृहासाठी स्वतंत्र कायदा मंजूर झाला. तेव्हापासून गावाचा ट्रस्ट ते चालवतो. ग्रेट ब्रिटनमध्ये अशा रीतीने स्वतंत्रपणे चालणारे दुसरे दीपगृह नाही. उन्हाळ्यात ठरावीक दिवशी ते लोकांना वर चढून बघू देतात. तारखा पाहूनच सहल ठरवा.

चर्चला गेलात तर आत कोरीव काम असलेली पंधराव्या शतकातली अष्टकोनी बाप्तिस्म्याची कुंडी आहे, तिच्यावर सिंह आणि रानटी माणसे आहेत, मुलांना दाखवा. खांबांवर बोटे फिरवून बघा. १९४० मध्ये परतीच्या वाटेवरच्या एका जर्मन विमानाने बॉम्ब टाकला, त्याचे तुकडे अजून त्या दगडात रुतलेले आहेत. बाहेरच्या दफनभूमीत मात्र थोडे थांबा. मार्च १८०१ मध्ये ‘इन्व्हिन्सिबल’ नावाची चौऱ्याहत्तर तोफांची युद्धनौका यार्मथहून बाल्टिककडे, कोपनहेगनच्या लढाईसाठी जमणाऱ्या आरमाराला सामील व्हायला निघाली होती. नावाचा अर्थ अजिंक्य. ती या किनाऱ्यासमोरच्या वाळूत रुतली आणि साडेसहाशेंपैकी चारशेच्या वर माणसे बुडाली. वाहून आलेली प्रेते गाड्यांत भरून आणून इथे एका मोठ्या खड्ड्यात पुरली. खुणेचा दगडसुद्धा नव्हता. १९८८ मध्ये पाण्याचा चर खणताना हाडे लागली आणि तेव्हा कुठे नेमकी जागा कळली. आज तिथे स्मारकशिला आहे.

मॅनर हाऊस खाजगी आहे, बाहेरूनच बघायचे. १९०० च्या सुमारास डेटमार ब्लो या वास्तुविशारदाने ते इंग्रजी एक्स अक्षराच्या आकारात बांधले आणि वर गवताचे छप्पर घातले. समुद्र दिसावा म्हणून घराचे पंख असे पसरले, असे म्हणावे लागेल. आता समुद्र जरा जास्तच दिसतो.

इथून पुढचा भाग जपून वाचा, कारण त्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

हेझबराचा कडा खडकाचा नाही. हिमयुगातल्या हिमनद्यांनी आणून टाकलेली माती, चिकणमाती आणि वाळू यांचे थर आहेत. खालून लाटा पोखरतात आणि वरून पावसाचे पाणी वाळूत झिरपून चिकणमातीवर अडते. मग एखाद्या दिवशी, वादळ नसतानाही, वरचा भाग भिजलेल्या गुळाच्या ढेपेसारखा सुटून खाली बसतो. हे आजचे नाही. गावाच्या शेजारचे व्हिम्पवेल हे मध्ययुगीन गाव समुद्रात गेले. त्याचे नाव आता फक्त आतल्या वस्तीला उरले आहे, व्हिम्पवेल ग्रीन. थोडे दक्षिणेला एक्लस गाव गेले, पण त्याच्या चर्चचा मनोरा कित्येक वर्षे एकटाच पुळणीवर उभा होता. तो १८९५ च्या जानेवारीत कोसळला. १८४५ मध्ये एका शेतकऱ्याने बारा एकरांत गहू पेरला आणि दुसऱ्या सकाळी ते शेतच नव्हते, अशी आठवण इथे सांगतात.

आणि याच धुपीने गावाला जगाच्या नकाशावर आणले. २००० मध्ये पुळणीवर कुत्रा फिरवणाऱ्या एका माणसाला काळ्या गाळात गारगोटीची हातकुऱ्हाड मिळाली. मग ब्रिटिश म्युझियमचे निक ॲश्टन आणि नॅचरल हिस्टरी म्युझियमचे सायमन पारफिट यांच्यासारखे संशोधक आले, उत्खनने झाली, आणि २०१० मध्ये जाहीर झाले की इथली काही हत्यारे आठ लाख वर्षांपेक्षा जुनी आहेत. तोवर अभ्यासकांचा समज होता की इतक्या प्राचीन काळी माणूस आल्प्सच्या उत्तरेला राहूच शकला नसेल. त्या काळी ब्रिटन युरोपच्या भूमीला जोडलेले होते, थेम्स आजच्यापेक्षा बरीच उत्तरेला समुद्राला मिळत होती, आणि इथे त्या खाडीचा चिखल होता.

मे २०१३ मध्ये लाटांनी पुळणीवरची वाळू खरवडून काढली आणि खालच्या घट्ट झालेल्या चिखलात लांबट खळगे दिसले. टाच, तळव्याचा बाक, काहींत बोटेसुद्धा. ती पावले होती. सुमारे साडेआठ ते साडेनऊ लाख वर्षांपूर्वी त्या चिखलातून दक्षिणेकडे चालत गेलेल्या पाच-एक जणांची, त्यात मोठी माणसे आणि लहान मुले दोन्ही. आफ्रिकेबाहेर याहून जुने मानवी पाऊल तोवर कुठे सापडले नव्हते. संशोधकांनी भर पावसात, दोन भरतींच्या मधल्या वेळात, खळग्यांतले पाणी उपसत पुष्कळ फोटो काढले आणि त्यांवरून संगणकावर त्रिमितीय नमुना तयार केला. कारण दुसरा इलाज नव्हता. जेमतेम दोन आठवड्यांत समुद्राने ती पावले पुसून टाकली. तेव्हा सहलीला आलात तर पावले दाखवा म्हणून मुले हट्ट धरतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

आता बांधांची गोष्ट. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राला जो महापूर आला, त्यात इंग्लंडमध्ये तीनशेच्या वर माणसे मेली. शेजारच्या सी पॉलिंगमध्ये सात. त्यानंतर सरकार जागे झाले आणि १९५८-५९ च्या सुमारास हेझबराच्या कड्याच्या पायथ्याशी लाटांचा जोर मोडणारे लाकडी बांध घातले गेले. तीस वर्षे त्यांनी काम केले. मग ते सडले, मोडले, १९९१ च्या सुमारास एक मोठा तुकडा काढूनच टाकावा लागला, आणि नवीन बांधायला पैसे मिळाले नाहीत. बांध गेला त्या जागी कड्याने आत मोठे वळण घेतले. बीच रोड नावाच्या रस्त्यावरची घरे एकेक करून गेली. लाइफबोट उतरवायचा उतार वाहून गेला, तेव्हा लाइफबोट जवळच्या कार्ट गॅपला हलवली. गावकऱ्यांनी ‘हेझबरासाठी एक दगड विकत घ्या’ अशी मोहीम काढून लोकवर्गणीतून कड्याच्या पायथ्याशी दगड टाकले. आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराला जशी पावती फाडतात, तशी इथे लोकांनी समुद्राशी लढायला वर्गणी दिली.

दरम्यान किनारा व्यवस्थापनाचा नवा आराखडा आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की इथे कायमचा बांध घालायचा नाही, किनाऱ्याला मागे सरू द्यायचे. आराखडे शंभर वर्षांचे असतात, नकाशावर २०२५, २०५५ आणि २१०५ पर्यंतच्या धुपीचे अंदाज असतात. त्या शेवटच्या टप्प्यापर्यंत चर्चसुद्धा धोक्यात येते.

हे वाचून पहिल्यांदा माझे डोके फिरले होते. पण नीट समजून घेतल्यावर मला कबूल करावे लागते की हा निर्णय निव्वळ कंजूषपणाचा नाही. इथला कडा कोसळतो तेव्हा त्याची वाळू प्रवाहाबरोबर दक्षिणेला सरकते आणि पुढच्या गावांच्या पुळणी भरत राहतात. त्या पुळणींच्या मागे ब्रॉड्सचा सखल पाणथळ प्रदेश आहे. इथे काँक्रीटची भिंत घातली तर तिकडे वाळूची उपासमार होईल आणि खारे पाणी आत शिरेल. म्हणजे हेझबराने मागे सरण्यात मोठ्या भागाचे हित आहे.

ठीक आहे. मग ज्यांचे घर त्या हितासाठी जाते, त्यांना काय मिळते?

जवळपास काही नाही. १९४९ चा किनारा संरक्षण कायदा कौन्सिलला बांध घालायची मुभा देतो, बंधन घालत नाही. धुपीने गेलेल्या घराला कायद्याने नुकसानभरपाई नाही. नेहमीचा घराचा विमा धूप धरत नाही. काठावर आलेले घर पाडायचा खर्च घरमालकाच्या गळ्यात पडतो, आणि त्यासाठी जे अनुदान मिळते त्याची कमाल मर्यादा सहा हजार पौंड. म्हणजे घर गेले, कर्ज राहिले, आणि ते पाडायला मदत म्हणून एवढे पैसे.

वाईट भाग असा की यावर एक उपाय इथेच, याच गावात करून पाहिला गेला आणि तो बरा चालला. २००९ मध्ये सरकारने ‘पाथफाइंडर’ नावाची प्रायोगिक योजना काढली. देशभरासाठी अकरा दशलक्ष पौंड होते, त्यातले तीन दशलक्ष एकट्या नॉर्थ नॉरफॉकला, म्हणजे हे गाव ज्या जिल्ह्यात येते त्याला, मिळाले. कौन्सिलने बीच रोडवरची काठाला आलेली नऊ घरे विकत घेतली आणि २०१२ मध्ये पाडली. धोका नसता तर त्या घराची जी किंमत आली असती तिच्या निम्म्याच्या आसपास दिली. पुरी नव्हती, पण माणसाला दुसरीकडे उभे राहायला काहीतरी हाती आले. तेवढीच नवी घरे गावाच्या आतल्या बाजूला बांधायची परवानगी ठेवली, म्हणजे गावाची वस्ती घटू नये. नवा कार पार्क, स्वच्छतागृहे, कॅराव्हान पार्कसाठी आतली जागा, हेही त्यातलेच. योजना संपली आणि पैसेही संपले. तो नवा कार पार्कसुद्धा पुढे काठाच्या जवळ आला आणि आणखी आत हलवायची वेळ आली. २०२२ मध्ये छत्तीस दशलक्ष पौंडांचा दुसरा कार्यक्रम जाहीर झाला, यॉर्कशरमधला ईस्ट रायडिंग आणि नॉर्थ नॉरफॉक यांच्यात मिळून. तो चांगला आहे. पण तोही मुदतीचा आहे, हक्क नाही.

जवळच बॅक्टन आहे. तिथल्या गॅस टर्मिनलमधून देशाच्या गॅसचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा येतो. २०१९ च्या उन्हाळ्यात बॅक्टन आणि वॉलकॉटच्या किनाऱ्यावर अठरा लाख घनमीटर वाळू समुद्रातून आणून पसरली. खर्च वीस दशलक्ष पौंडांच्या घरात गेला. त्याचा मोठा वाटा टर्मिनलच्या कंपन्यांनी उचलला, आणि ती वाळू हळूहळू इकडेही सरकेल अशी योजना आहे, तेव्हा उगाच बोटे मोडणे बरे नाही. पण तिथल्या पुळणीवरून इथे चालत आलात तर पैशाचे गणित पायांनाच कळते.

आपल्याला हे गणित नवे नाही. १९२१ मध्ये मुळशीत धरणाखाली जमिनी जाणार म्हणून सत्याग्रह झाला आणि सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला. कोयनेचे विस्थापित आज तिसऱ्या पिढीतही जमिनीच्या कागदांसाठी फेऱ्या मारतात. निदान त्या लढ्यांतून एवढे तरी झाले की १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. अंमलबजावणीबद्दल बोलायलाच नको, पण सगळ्यांच्या सोयीसाठी ज्याचे घर गेले त्याचे देणे लागतो, एवढे तत्त्व पुस्तकात आले. जगाला कायदे शिकवणाऱ्या या देशात किनाऱ्यावरच्या घरमालकाला ते अजून मिळालेले नाही. समुद्राने नेले, सरकारने नेले नाही, असा युक्तिवाद करतात. पण बांध न घालायचा निर्णय समुद्राने घेतलेला नाही.

म्हणून माझी विनंती. सहलीहून परतल्यावर तुमच्या सभासदांनी आपापल्या खासदाराला पत्र लिहावे. तो कुठल्याही पक्षाचा असो, मतदारसंघ लेस्टरचा असो की स्लावचा. मागणी एकच: धुपीमुळे घर जाणाऱ्यांना भरपाई आणि पुनर्वसन कायद्याने मिळावे, योजनेच्या मर्जीवर नको. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनीही लिहावे. इथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल नागरिकांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत असते, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. मतदार यादीत नाव नसेल तर सहलीच्या कोचमध्येच फोनवरून नोंदवून टाका. अंताक्षरी नंतर.

मंडळाचा आणि या गावाचा संबंध काय, असे बैठकीत कोणीतरी विचारेलच. नात्यागोत्याचा काही नाही. पण आपण या देशात कर भरतो, मुले इथे वाढवतो, आणि दिवाळीला खासदारांना बोलावून शाल-श्रीफळ देतो. त्यांच्याकडे कधी स्वतःपलीकडचे काहीतरी मागायला हरकत नसावी. व्हिसा आणि ओसीआयचे प्रश्न त्यांनी पुष्कळ ऐकले आहेत.

आता व्यवहाराच्या सूचना. पन्नास सीटांची कोच गावाच्या गल्ल्यांत घालू नका. दोन मिनीबस आणा. ओहोटीची वेळ आधी पाहा, कारण भरतीला पुळण राहतच नाही. कड्याच्या काठापासून लांब राहायचे आणि पायथ्याशी बसायचेही नाही, मुलांना तर नाहीच. खाली उतरायचा रस्ता वादळानंतर बदलतो, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा. काठाला आलेल्या घरांसमोर उभे राहून सेल्फी काढू नयेत आणि ड्रोन आणू नये. आत माणसे राहतात. डबे जरूर आणा, पण निदान चहा-केक गावातच घ्या आणि चर्चच्या पेटीत व दीपगृहाच्या ट्रस्टला काहीतरी टाका.

तारीख ठरली की कळवा. मी नॉर्थ वॉल्शमला स्टेशनवर येईन आणि दिवसभर बरोबर फिरेन. फक्त ऑगस्टचा बँक हॉलिडे धरू नका, त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही.

आपला,
नॉरिचजवळ राहणारा मंडळाचा एक जुना वर्गणीदार